जुनी छोटी गाडी आणि नागपूरचा उन्हाळा: देखभालीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे दहा ते वीस वर्षे जुन्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी आहेत: मारुती ८००, जुनी ऑल्टो, झेन, वॅगनआर, सँट्रो, पहिली स्विफ्ट वगैरे. गाडीसोबत मिळालेले पुस्तक हाताशी असेल तर माप आणि ग्रेडच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा धरा.

गाडी वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालते. तरी दरवर्षी सर्व्हिसिंग करायची?

हो. किलोमीटरपेक्षा गाडीने किती उन्हाळे काढले ते मोजा. पारा ४५ अंशांवर गेलेल्या दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचे रबर न चालताही म्हातारे होते. बेल्ट, होज, वायपर, दारांची बिडिंग, टायर या सगळ्यांचे आयुष्य वर्षांत मोजायचे असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, कूलंटमधली गंजरोधक रसायने संपतात, आणि या दोन्ही गोष्टी मीटरवर दिसत नाहीत.

कमी चालणाऱ्या गाडीचे इंजिन ऑइल उलट लवकर खराब होते. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की ऑइल पुरते तापतच नाही. इंजिनात तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल त्यातच राहते. ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर आत दह्यासारखा पिवळट थर दिसला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. आठवड्यातून एकदा गाडी वर्धा रोडने किंवा रिंग रोडने सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. एवढे करूनही थर येतच राहिला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील) तपासून घ्या.

इंजिन ऑइल कोणते, किती आणि कधी?

८०० सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाला फिल्टरसह पावणेतीन ते तीन लिटरच्या आसपास ऑइल लागते, तर १.१ ते १.३ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनांना साधारण तीन ते साडेतीन. साडेतीन लिटरचा डबा आणला म्हणून सगळा ओतायचा नसतो. डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेमधले अंतर छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटरचे असते. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेले तर क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो आणि सील गळू लागतात.

ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड, ती पुस्तकातली. पुस्तकात एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील आणि इंजिन लाखावर चाललेले असेल, तर नागपूरच्या हवेत त्यातली जाड ग्रेड घ्या. जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांत २०डब्ल्यू-४० चालते, इंजेक्शनवाल्या जुन्या इंजिनांना १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० ठीक बसते. मात्र ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या नव्या पिढीच्या इंजिनात ‘गरम प्रदेश आहे’ म्हणून जाड ऑइल घालू नका. त्यातल्या बारीक वाटा पातळ ऑइलसाठीच आखलेल्या असतात.

साधे मिनरल ऑइल ५ हजार किलोमीटर किंवा सहा महिने. सिंथेटिक १० हजार किंवा एक वर्ष. फिल्टर दर खेपेला नवा. हजार किलोमीटरमागे अर्धा लिटरहून जास्त ऑइल जात असेल तर आधी टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग ओली आहे का बघा. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर एकदाच येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील गेले. चढावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या.

ऑइल घरी बदलता येते का?

येते, तासाभराचे काम आहे. गाडी पाच-सात मिनिटे चालवून ऑइल कोमट करा, उकळते नको. सपाट जागेवर हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना विटा द्या. गाडीखाली जायचे तर जॅकच्या भरवशावर नाही, जॅक स्टँडवरच. ऑइल चेंबरच्या तळाचा नट बहुतेक छोट्या गाड्यांना १४ किंवा १७ नंबरच्या पान्याने उघडतो. आधी वरचे झाकण सैल करा म्हणजे धार नीट पडते, आणि दहा मिनिटे निथळू द्या. नटाचा वॉशर नवा घाला. आठ-दहा रुपयांच्या या वॉशरपायी लोक नट जास्त आवळतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे घालवून बसतात.

नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरा आणखी. पान्याने नाही. जुना रबर इंजिनालाच चिकटून राहिला नाही ना, ते आधी बघा. दोन रबरांवर बसवलेला फिल्टर रस्त्यात एकदम सगळे ऑइल सोडतो. ठरलेल्या मापापेक्षा पाव लिटर कमी ओता, इंजिन दोन मिनिटे चालवा, पाच मिनिटे थांबा आणि मग डिपस्टिक बघून बाकीचे भरा. काढलेले ऑइल नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवर द्या. जुने ऑइल विकत घेणारे तिथे येत असतात.

एप्रिल-मेमध्ये गाडी हीट होते. सुरुवात कुठून करायची?

काटा वर चढताना दिसला की पहिले एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. उन्हाळ्यात जिवावर येते, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो. त्याने काटा उतरत नसेल तर सावलीत थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडू नका. आत दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांच्या वर असते, आणि झाकण सुटताक्षणी त्याची वाफ होऊन हातातोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे तर त्याहून महाग पडते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते.

थंड झाल्यावर शोध या क्रमाने घ्या. गाडी सिग्नलवर तापते आणि रस्त्याला लागली की उतरते, तर दोष बहुधा पंख्यात. फ्यूज बघा, मग रिले (अनेक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच मापाचा असतो, तो लावून पाहता येतो), मग मोटरला बॅटरीतून थेट वायर देऊन ती फिरते का ते तपासा. मोटर फिरली तर स्विच किंवा सेन्सर गेला. उलट गाडी हायवेवर जास्त तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला आहे किंवा खालचा होज वेगात आत ओढला जाऊन चपटा होतो. कूलंट कमी होत असूनही खाली थेंब दिसत नसेल, तर वॉटर पंपाच्या पोटाशी असलेल्या बारीक छिद्राभोवती पांढरट-हिरवट डाग शोधा. डाव्या सीटपुढचा गालिचा ओला आणि काचेवर चिकट वाफ असेल तर हीटरची कॉइल गळते आहे. इंजिन चालू केल्यावर कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. अशी गाडी पुढे ‘जरा चालवून पाहू’ म्हणू नका.

रेडिएटरचे झाकण बदलायचे कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्यातली स्प्रिंग सैल झाली की दाब धरत नाही, पाणी लवकर उकळते आणि टाकीतून बाहेर फेकले जाते. हा स्वस्त सुटा भाग आहे. रेडिएटर बदलण्याआधी झाकणच बदलून पाहा, फक्त जुन्यावर लिहिलेल्या दाबाचेच घ्या.

मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू आणि फॅन डायरेक्ट करू. करावे का?

नाही. हा इथला फार जुना जुगाड आहे, आणि मेमध्ये तो यशस्वी वाटतो म्हणूनच टिकला आहे. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलंटच्या वाटेतली झडप) ८० अंशांच्या आसपास उघडतो. तो नसला की डिसेंबर-जानेवारीत इंजिन नेमक्या तापमानाला पोचतच नाही. इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीएम (इंजिनाचा संगणक) इंजिन थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडते, प्लग काळे होतात आणि ऑइलमध्ये गाळ धरतो. डायरेक्ट, म्हणजे सतत फिरणाऱ्या, फॅनने मोटरचे ब्रश झिजतात, आणि खरा दोष, म्हणजे बिघडलेला स्विच, झाकला जातो.

थर्मोस्टॅट चांगला आहे का हे पातेल्यात कळते. दोऱ्याला टांगून पाण्यात सोडा, पाणी तापवा. उकळी येण्याच्या बरेच आधी तो उघडायला हवा आणि गार झाल्यावर बंद व्हायला हवा.

रेडिएटरमध्ये साधे पाणी चालते का?

रस्त्यात अडचण झाली तर चालते, पण घरी पोचल्यावर ते काढायचे. तुमच्या कूलरच्या जाळीवर आणि टाकीच्या काठावर एका उन्हाळ्यात पांढरा कडक थर बसतो तो बघा. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत नेमके तेच होते. शिवाय इंजिन ब्लॉकचे वेल्श प्लग (पत्र्याची बुचे) आतून गंजतात आणि एखादा इंजिनाच्या मागल्या बाजूला, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात न पोचणाऱ्या जागी फुटतो.

कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धे-अर्धे. इथे पाणी गोठत नाही म्हणून ३० टक्के कूलंटही पुरते, त्याखाली जाऊ नका. छोट्या गाडीत एकूण साडेतीन-चार लिटर मावते. हिरवे-साधे दोन वर्षांनी, लांब मुदतीचे डब्यावर लिहिल्याप्रमाणे. वेगवेगळे प्रकार मिसळू नका. भरताना हीटरची कळ गरमवर ठेवा आणि झाकण उघडे ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर हवा अडकते आणि काटा उगाच नाचतो.

टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? गाडी तर छान चालते.

बेल्ट तुटेपर्यंत गाडी छानच चालते. मारुती ८००, ७९६ सीसीची ऑल्टो, जुनी १.१ लिटरची वॅगनआर, १.१ ची सँट्रो, १.३ पेट्रोलची पहिली स्विफ्ट यांना रबरी बेल्ट आहे. के-सीरिज इंजिनांना (ऑल्टो के१०, नंतरची वॅगनआर, १.२ ची स्विफ्ट) चेन आहे. चेन ठरावीक मुदतीने बदलत नाहीत, पण स्टार्ट करताना खडखड वाजू लागली तर दाखवा.

बेल्टची मुदत कंपनीनुसार ६० हजार ते १ लाख किलोमीटर. नागपुरात पाच वर्षे झाली की मीटर न बघता बदला. जुनी गाडी घेतली आणि आधीच्या मालकाकडे बेल्टचे बिल नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असे धरून चाला. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड उतरवावे लागते. बेल्टसोबत टेन्शनर बेअरिंग, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, तसेच पंप बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही एकदम घाला. मजुरी एकदाच लागते, आणि ऑइल गळणाऱ्या सीलखाली नवा बेल्ट वर्षभरात फुगतो. बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे मिस्त्रीला तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरावा लागतो. हे साधारण आहे का?

नाही. एसीचा गॅस वापरून संपत नाही, गळतो. दरवर्षी भरावा लागतो म्हणजे कुठे तरी ओ-रिंग, पाइप, कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) किंवा डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल फुटकी आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचे ऑइलही जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या ‘टॉप-अप’नंतर कॉम्प्रेसरच जाम होतो. नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने गळती शोधून मागा. जोड उघडला की ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदला, व्हॅक्यूम निदान अर्धा तास चालू द्या आणि गॅस आर-१३४ए वजनावर भरून घ्या, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असते. ‘पाइप गार लागला, झाले’ या अंदाजाने जास्त भरलेला गॅसही थंडावा कमीच करतो.

पण हे सगळे करण्याआधी कंडेन्सर धुवा. होळीनंतर लगेच, पाण्याचा साधा झोत, मागून पुढे. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पत्रे झोपतात. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. आणि दुपारी गाडीत बसल्याबरोबर एसी लावू नका. चारही काचा उघडून दोन मिनिटे चालवा, आतली भट्टी निघून जाऊ द्या.

सिमेंट रोडवर टायर लवकर झिजतात का? समृद्धीने जायचे असेल तर काय बघायचे?

खरबरीत सिमेंटवर रबर जास्त घासते आणि आवाजही येतो. झिजेपेक्षा वयाचा प्रश्न मोठा आहे. टायरच्या कडेवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षे झाली की खाच कितीही शिल्लक असो, तो टायर गावातच वापरा किंवा बदला. कडेला केसासारख्या भेगा दिसू लागल्या तर त्याआधीच. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, पावसाळ्यासाठी ३ च्या खाली जाऊ नका.

समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने, तापल्या सिमेंटवर गाडी पळते. टायरची हवा कमी असेल तर त्याची कड सतत दुमडत राहते, आत उष्णता साठते आणि टायर फुटतो. म्हणून हवा जास्त नको, कमी तर अजिबात नको. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरा. चार-पाच माणसे आणि सामान असेल तर त्यातला पूर्ण भाराचा आकडा घ्या. चालून तापल्यावर दाब चार-पाच पीएसआय वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका. स्टेपनीही मोजा, तिच्यातही हवा लागते. आणि गाडी वीस वर्षांची असेल तर महामार्गाला १२० ची परवानगी आहे म्हणून १२० ने जायलाच हवे असे नाही. ८०-९० वर इंजिन, टायर आणि तुम्ही तिघेही निवांत असता.

बॅटरी उन्हाळाभर चालली आणि थंडीत बसली. असे का?

मारले उन्हाळ्याने, कळले थंडीत. उष्णतेने पाणी उडते, प्लेटा उघड्या पडून कडक होतात. डिसेंबरच्या सकाळी ऑइल घट्ट असते, स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि तेव्हा बॅटरीचा खरा दम कळतो. पाणी भरायच्या बॅटरीत मार्च ते जून दर महिन्याला खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला, अ‍ॅसिड नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून पेट्रोलियम जेली लावा.

मीटरवर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. याहून कमी असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) आणि त्याचा बेल्ट बघा.

ब्रेक ऑइल कमी झालेले नाही, तरी बदलायचे?

दर दोन वर्षांनी. डॉट ३ या प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना २०५ अंशांना उकळते, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. उतारावर ब्रेक सतत दाबत आले की वाफ होते आणि पेडल रिकामे जाते. अर्धा लिटरची सीलबंद बाटली पुरते. उघडून कपाटात ठेवलेली जुनी वापरू नका. झाकणावर लिहिलेलाच डॉट घ्या, डॉट ५ कधीच नाही. हे ऑइल रंग खाते, सांडले की लगेच पाण्याने धुवा. ऑइलची पातळी हळूहळू उतरत असेल तर आधी पुढचे पॅड मोजा: ३ मिलिमीटर उरले की बदला. मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडून धूळ काढा. ड्रममधल्या ब्रेक सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर नवे रबर किट घाला.

पिकअप गेला, मिसिंग आहे. ट्यूनिंग करावे का?

आधी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. बांधकामे, कच्चे खांदे, कोराडीच्या वीज केंद्राकडची राख, यामुळे इथे तो पुस्तकातल्या निम्म्या मुदतीत चोंदतो. दर ५ हजारांना आतून बाहेर हवा मारा, १५ हजारांना नवा. मग प्लग. साध्या प्लगचे आयुष्य २० ते ३० हजार. गॅप गाडीप्रमाणे ०.७-०.८ किंवा १.०-१.१ मिलिमीटर असतो, नवा प्लगही मोजून घाला. प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, नंतर पान्याने अर्धा फेरा. मग हाय टेन्शन वायर (प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या): रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर उत्तर मिळाले. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह साफ करणे शेवटी.

ई२० पेट्रोलने जुन्या गाडीचे काय होते?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. खरी काळजी रबराची. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे होज, ओ-रिंग आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, नंतर तडकतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी पाइप तपासा, कारण बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट असतो. इथेनॉल चालणारा होज मागून घ्या, आणि इंजेक्शनच्या गाडीत दाब सहन करणाराच, कार्ब्युरेटरचा स्वस्त पाइप तिथे फुटतो. टाकीतला जुना मळही सुटतो, त्यामुळे फ्युएल फिल्टर एकदा लवकर बदला. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दव धरते आणि इथेनॉल ते पाणी ओढून घेते.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट भागात पाणी शिरले, तेव्हा बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत पाण्याइतकेच नुकसान नंतर मारलेल्या चावीने केले. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी लावूच नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करा. गॅरेजमध्ये प्लग काढून क्रँक हाताने फिरवणे, ऑइल-फिल्टर दोनदा बदलणे, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलणे, सीट-गालिचे काढून वाळवणे. साध्या पॉलिसीत चावी मारल्याने बिघडलेल्या इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच लागते.

उंदीर वायर कुरतडतात.

गाडी दोन-तीन दिवसांआड हलवा, रात्री बॉनेट थोडा वेळ उघडा ठेवा, आत खाण्याचा कण नको. एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी लावा. डांबर गोळ्यांचा असर आठवडाभर, तोही थोडाच.

पंधरा वर्षे झाली. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर काय तयारी लागते?

खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. तुमची गाडी एमएच-३१, एमएच-४९ की एमएच-४०, त्याप्रमाणे शहर, पूर्व नागपूर किंवा ग्रामीण कार्यालय. पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट, एवढे आधी पूर्ण करा. पीयूसी बीएस-४ (प्रदूषणाचे मानक) गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची असते. ती काढायला गाडी दहा किलोमीटर चालवून, तापलेली न्या. थंड इंजिनाचे आकडे वाईट येतात.

तपासणीला जाताना सगळे दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि टायर आदल्या दिवशी बघून घ्या. चॅसिस नंबर रंगाखाली किंवा गंजाखाली गेलेला असतो आणि तिथेच लोक अडकतात. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून, मऊ ब्रशने नंबर मोकळा करा, पेन्सिलने कागदावर छाप नीट उमटतो का बघा आणि वर ग्रीसचा पातळ हात लावून ठेवा. कानस किंवा जाड पॉलिश पेपर तिथे चुकूनही लावू नका, घासलेला आकडा खोडाखोडीसारखा दिसतो.